छापखान्याच्या दारातला खून

‘आर्बेटर फ्रायन्ट’ नावाच्या साप्ताहिकाला त्या आठवड्याची सर्वांत मोठी बातमी शोधायला कुठंही जावं लागलं नाही. बाईचं प्रेत त्यांच्याच फाटकात पडलं होतं. ३० सप्टेंबर १८८८ची रात्र, एकचा सुमार. लंडनच्या ईस्ट एंडमधली बर्नर स्ट्रीट, घर क्रमांक ४०. पुढच्या इमारतीत कामगारांचा क्लब, बाजूनं आत जाणारा अंधारा बोळ, आणि मागं अंगणात छापखाना. छापखान्याला लागून संपादकाची खोली. दुसऱ्या दिवशी साऱ्या लंडनचे बातमीदार ज्या बोळात शिरायला धडपडत होते, तिथून हाकेच्या अंतरावर संपादक फिलिप क्रान्ट्झ रात्री नऊपासून बसून होता, आणि त्याला कशाचाही पत्ता नव्हता.

मरण पावलेली बाई म्हणजे एलिझाबेथ स्ट्राइड. जॅक द रिपरच्या खात्यावर जे पाच खून साधारणपणे मांडले जातात, त्यातला हा तिसरा. चौथा त्याच रात्री, पाऊण-एक तासानं, मायटर स्क्वेअरमध्ये झाला. खुनी सापडला नाही हे जगाला ठाऊक आहे. तेव्हापासून प्रत्येक पिढी आपापला संशयित उभा करत आली आहे. डॉक्टर झाले, वकील झाले, चित्रकार झाले, राजघराण्यातला एक नातूसुद्धा सोडला नाही.

मला त्या शर्यतीत रस नाही. मी एका मराठी दैनिकात रात्रपाळीला उपसंपादक म्हणून केस पांढरे केले. गुन्ह्याच्या बातम्या माझ्या टेबलावरून जायच्या. पोलिसांची प्रेसनोट, बातमीदाराची कॉपी आणि दुसऱ्या दिवशी इतर पेपरांत आलेली तीच बातमी, अशी तिन्ही शेजारी ठेवून वाचायची खोड तेव्हाच लागली. कुठला तपशील कुणाच्या डोळ्यांनी पाहिला आहे आणि कुठला नुसता उचलला आहे, हे थोडंफार वासावरून कळतं. निवृत्तीनंतर हा खटला वाचायला घेतला तो या खोडीपायी. इंग्रजी पेपरांचा ढीग उपसून झाल्यावर ‘आर्बेटर फ्रायन्ट’च्या ५ ऑक्टोबरच्या अंकातला वृत्तांत इंग्रजी भाषांतरातून हाती आला, तेव्हा पहिल्यांदा वाटलं की आता त्या अंगणात उभ्या असलेल्या माणसाचं आपण ऐकतो आहोत.

हा पेपर यिडिशमध्ये निघायचा, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या घरगुती भाषेत, हिब्रू लिपीत, उजवीकडून डावीकडे. नावाचा अर्थ ‘कामगारमित्र’. १८८५च्या जुलैत मॉरिस विंचेव्स्कीनं तो मासिक म्हणून काढला, नंतर त्याचं साप्ताहिक झालं. वाचक म्हणजे रशिया-पोलंडातून जीव मुठीत धरून आलेले ज्यू शिंपी, चांभार, टोप्या शिवणारे. चालवणारे पक्के समाजवादी, त्यामुळं एकीकडं कारखानदारांशी आणि दुसरीकडं सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिराच्या, श्रीमंत विश्वस्तांशी त्यांचं हाडवैर. हे वैर छपाईच्या खिळ्यांपर्यंत पोचलं होतं. ‘आर्बेटर फ्रायन्टचा प्रसार करा’ अशी वाचकांना हाक असायची. एका अंकात ती ‘आर्बेटर फ्रायन्टचा नाश करा’ अशी छापून आली. कुणीतरी खिळे जुळवणाऱ्याला पैसे चारले होते, असं क्लबातली मंडळी सांगत. पुढं मुद्रकानं कामच नाकारलं, तेव्हा या लोकांनी पै-पैसा गोळा करून स्वतःचा छापखाना घातला. ज्यानं कधी रात्री दोन वाजता मशीनवर गेलेलं पान थांबवलं आहे, त्याला त्या एका ओळीनं क्रान्ट्झच्या पोटात काय कालवाकालव झाली असेल ते सांगायला नको.

तर त्या शनिवारी रात्री क्लबच्या वरच्या दालनात सभा होती. भिंतींवर मार्क्स, प्रूधाँ आणि लासाल यांच्या तसबिरी. विषय, ज्यूंनी समाजवादी का व्हावं. अध्यक्ष मॉरिस ईगल. नव्वद-शंभर माणसं जमली होती. साडेअकरा-बाराच्या सुमारास बहुतेक पांगली, वीस-तीस जण गाणी म्हणत मागं रेंगाळले. छापखान्याचं काम पाहणारा विल्यम वेस्ट (खरं नाव वुल्फ वेस) साडेबाराच्या सुमारास काही छापील साहित्य छापखान्यात ठेवून आला आणि घरी गेला. फाटक उघडं होतं, जमिनीवर काही दिसलं नाही, असं त्यानं नंतर कोरोनरसमोर, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यासमोर, सांगितलं. आणि प्रामाणिकपणे पुढं जोडलं की आपली नजर जरा अधू आहे. ईगल मैत्रिणीला घरी सोडून बाराच्या पुढं पस्तीस-चाळीस मिनिटांनी त्याच बोळातून परतला. त्यालाही काही दिसलं नाही. बोळ इतका काळोखा की भिंत चाचपत जावं लागायचं, असं आणखी एका सभासदानं सांगितलं.

मग एक वाजता लुई डीमशुट्झ आला. हा क्लबचा कारभारी, इतर वेळी स्वस्तातले दागिने विकणारा फेरीवाला. क्रिस्टल पॅलेसजवळच्या बाजारातून तट्टाची गाडी घेऊन तो फाटकात वळला, तसं तट्टू बिचकलं आणि एका अंगाला सरकलं. त्यानं वाकून पाहिलं, चाबकाच्या दांड्यानं जमिनीवरचा तो काळा आकार चाचपला, काडी ओढली. वाऱ्यानं काडी लगेच विझली, पण बाई आहे एवढं तेवढ्यात दिसलं. तो बोळातल्या दारानं आत धावला, आधी बायको सुखरूप आहे ना ते पाहिलं, आणि मग म्हणाला, अंगणात एक बाई पडली आहे, प्यालेली आहे की मेलेली आहे कळत नाही.

इथपर्यंत इंग्रजी पेपर आणि यिडिश पेपर हातात हात घालून चालतात. पुढं यिडिश पेपर एका अशा खोलीत शिरतो जिथं एकही इंग्रज बातमीदार नव्हता.

गिल्यारोव्स्की नावाचा सभासद अंगण ओलांडून मागं पळाला. छापखान्यात कुणी नव्हतं. संपादकाच्या खोलीत क्रान्ट्झ आणि याफे नावाचा सहकारी काम करत होते. अंगणात खून झालेली बाई पडली आहे, तुम्हाला काहीच ठाऊक नाही का, असं गिल्यारोव्स्कीनं धापा टाकत विचारलं. दोघांचा विश्वास बसेना. त्यावर तो उखडला, मी रक्त पाहिलंय म्हणाला. तेव्हा कुठं ते उठले. फाटकाजवळ पोचले तर भिंतीलगत काळं काहीतरी जेमतेम दिसत होतं. अगदी जवळ गेल्यावर कळलं की बाई आहे, तोंड भिंतीकडं, डोकं अंगणाच्या बाजूला, पाय फाटकाकडं. भोवती ईगल, फ्रीडेन्थाल आणि तोवर परत आलेला गिल्यारोव्स्की. ईगलनं काडी ओढली आणि त्या बाईवर खेकसला, ऊठ! याफेच्या लक्षात आलं होतं की ती कसल्यातरी ओल्यात पडली आहे. त्यानं ईगललाच विचारलं, तिला उठवतोस कशाला, ती मेलेली आहे हे दिसत नाही का.

हा प्रसंग मी किती वेळा वाचला सांगता येणार नाही. ईगल म्हणजे काही तासांपूर्वी अध्यक्षस्थानी बसलेला माणूस. तो कोरोनरच्या चौकशीत साक्षीला उभा राहिला, तेव्हा त्यानं सांगितलं की काडीच्या उजेडात रक्त दिसलं आणि आपल्याला रक्त पाहवत नाही, म्हणून फार पाहिलं नाही. पोलिसांना बोलवायला पळालो. त्या साक्षीत ‘ऊठ’ हा शब्द नाही. कोर्टात कोण सांगेल? मेलेल्या बाईवर ओरडलो हे कुणालाच आठवायला आवडत नाही. पण त्याच्याच पेपरनं, त्याच्याच सोबत्यांनी ते छापलं, आणि वाचणाऱ्यातला प्रत्येक जण ईगलला ओळखत असणार. बनवून लिहिणारा माणूस स्वतःच्या अध्यक्षाला असा तोंडघशी पाडत नाही. गोष्ट रचायचीच असती, तर ईगल टोपी काढून हळहळला असं लिहिलं असतं. क्रान्ट्झ स्वतःलाही सोडत नाही. दारात खून आणि संपादक म्हणतो, छे, काहीतरीच.

गिल्यारोव्स्कीचा मागही लागतो. कोरोनरच्या चौकशीत ईगलनं सांगितलं होतं की आपण वर असताना ‘गिडलमन’ नावाचा सभासद जिना चढून आला आणि अंगणात बाई मरून पडली आहे म्हणाला. बहुतेक अभ्यासक हा तोच असं धरतात, आणि मलाही ते पटतं. इंग्रज बातमीदारांच्या कानांनी या लोकांच्या नावांचे जे हाल केले ते पाहता ‘गिल्यारोव्स्की’चा ‘गिडलमन’ होणं काहीच नाही. बिचाऱ्या डीमशुट्झची स्पेलिंगं तर मोजायची सोय नाही. म्हणजे एकच माणूस आधी वर पळाला, मग मागं पळाला. आणि क्रान्ट्झनंही साक्षीत, कुणाचं नाव न घेता, एका सभासदानं येऊन आपल्याला सांगितलं असंच म्हटलं. दोन भाषांतले दोन कागद एकमेकांना न विचारता जुळतात. प्रेताची मांडणीही जुळते.

आता तक्रारीकडं वळतो, कारण या वृत्तांतावरून अलीकडच्या हौशी संशोधकांमध्ये बरीच जुंपली आहे. लेखात आरंभीच म्हटलं आहे की खून पाऊण वाजता झाला. प्रेत सापडलं एकच्या सुमाराला. या पाऊण वाजण्याच्या उल्लेखाला आणखी काही साक्षी जोडल्या जातात. कोझेब्रॉड्स्की नावाच्या पोरसवदा सभासदानं पत्रकारांना सांगितलं होतं की डीमशुट्झनं आपल्याला एकला वीस कमी असताना अंगणात बोलावलं. त्याच रस्त्यावर राहणारा हेशबर्ग म्हणाला, पाऊण वाजला असावा. स्पूनर नावाचा बाहेरचा माणूस कोर्टात म्हणाला, मी अंगणात पोचलो तेव्हा एकला पंचवीस कमी होते. झालं! यावरून तर्क असा की प्रेत प्रत्यक्षात एकच्या बऱ्याच आधी सापडलं, क्लबवाल्यांनी आपसांत खलबतं केली, आणि पोलिसांना सांगायला ‘एक वाजता’ अशी वेळ ठरवली. आपल्याच पेपरात मात्र चुकून खरं बोलून गेले.

मला हे पटत नाही, आणि कारण शुद्ध पेपरवाल्याचं आहे. अंक शुक्रवारचा. साप्ताहिकाचे खिळे हातानं जुळवायचे म्हणजे मजकूर फार तर बुधवार-गुरुवारपर्यंत हाती हवा. तोवर काय काय बाहेर आलं होतं? डॉक्टर ब्लॅकवेलची साक्ष. हा डॉक्टर कमर्शियल रोडवर राहायचा. अंगणात पोचला तेव्हा त्याच्या घड्याळात एक वाजून सोळा मिनिटं झाली होती, आणि त्याच्या मते मृत्यू वीस मिनिटं ते अर्ध्या तासापूर्वी झाला होता. वजाबाकी करा. सर्वांत अलीकडची वेळ एकला चार कमी, सर्वांत आधीची पाऊण वाजून एक मिनिट. साप्ताहिकाचा माणूस डॉक्टरच्या अंदाजाचं वरचं टोक धरून ‘सुमारे पाऊण वाजता’ लिहील, नाहीतर काय करील? ही माहिती बाहेरून आलेली. तिला त्या अंगणाचा वास नाही. याउलट गिल्यारोव्स्कीचं धापा टाकणं, रिकामा छापखाना, याफेचा वैताग हे आतलं. एकाच लेखात दोन जातीचा मजकूर शेजारी शेजारी बसतो, आणि गुन्ह्याची बातमी वाचताना तो निवडून वेगळा करावा लागतो. त्या यिडिश पेपरवर माझा विश्वास आहे तो माणसं कुठं उभी होती, काय बोलली, यासाठी. किती वाजले होते यासाठी नाही.

खरं तर वेळेच्या बाबतीत त्या रात्रीच्या कुणावरच विसंबता येत नाही. ब्लॅकवेलच्या खिशात घड्याळ होतं, डीमशुट्झनं येता येता दुकानातलं घड्याळ पाहिलं होतं. बाकीच्यांचं सगळं अंदाजपंचे. ३६ नंबरच्या फॅनी मॉर्टिमर बाई तर एका बातमीत साडेबारा ते एक बहुतेक वेळ दारात उभ्या, दुसरीत जेमतेम दहा मिनिटं. आणि वेळ जुळवून सांगायचा कट केला असता, तर सभासदांनी पेपरवाल्यांना वेगवेगळ्या वेळा सांगितल्या नसत्या. कट करणारे लोक इतके गलथान नसतात. इतकं गलथान असतं ते खरं बोलणाऱ्यांचं टोळकं.

मॉर्टिमरबाईंनी पाहिलेला एकच माणूस म्हणजे चकचकीत काळी बॅग घेऊन झपाझप गेलेला एक तरुण. काळ्या बॅगेचा खुनी ही प्रतिमा तेव्हापासून आजतागायत चालू आहे. तो माणूस होता लिऑन गोल्डस्टाइन. दोन दिवसांत तो स्वतःच लेमन स्ट्रीट पोलीस ठाण्यात हजर झाला. बॅगेत सिगारेटच्या रिकाम्या पेट्या होत्या. त्याच्या सोबत कोण गेलं होतं? आपला वुल्फ वेस. पुराव्याच्या अशा गाठी क्लबातली माणसंच सोडवत होती, पण चित्रात उरली ती बॅग. कॉन्स्टेबल स्मिथनं साडेबारानंतर एका बाईबरोबर उभा असलेला माणूस पाहिला, त्याच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं सुमारे अठरा इंच लांबीचं पार्सल होतं. कुठलं वर्तमानपत्र, हा प्रश्न कुणी विचारला नाही. मी मात्र त्या ओळीपाशी दर वेळी थबकतो.

या खटल्यातला सर्वांत वजनदार आणि सर्वांत डळमळीत साक्षीदार म्हणजे इस्रायल श्वार्ट्झ. हंगेरीहून आलेला ज्यू, इंग्रजीचा गंध नाही. रविवारी संध्याकाळी तो दुभाष्या म्हणून एका मित्राला घेऊन पोलीस ठाण्यात गेला. पाऊण वाजता बर्नर स्ट्रीटवरून जाताना आपण पाहिलं की फाटकात उभ्या असलेल्या बाईला एका माणसानं रस्त्याकडं ओढायचा प्रयत्न केला, मग तिला फिरवून फूटपाथवर आपटलं. ती तीनदा ओरडली, पण फार मोठ्यानं नाही. पलीकडं दुसरा एक जण पाइप पेटवत होता. पहिल्यानं ‘लिप्स्की’ अशी हाक मारली. श्वार्ट्झ घाबरून पळाला. ही पोलिसांच्या कागदातली हकीकत, चीफ इन्स्पेक्टर स्वॉन्सनच्या १९ ऑक्टोबरच्या अहवालातली. ‘स्टार’च्या बातमीदारानंही श्वार्ट्झला गाठलं, तेही दुभाष्यामार्फतच, आणि १ ऑक्टोबरला छापलं. त्यात बाईला बोळात ढकललं जातं, दुसऱ्या माणसाच्या हातात पाइपच्या जागी सुरा येतो, आणि ओरडतो तो दुसरा.

पाइप आणि सुरा यात जो फरक आहे, तो खुनाच्या तपासात दोन टोकांचा. पाइपवाला म्हणजे एक भेदरलेला वाटसरू. सुरेवाला म्हणजे साथीदार. ‘लिप्स्की’चंही तसंच. त्याच्या आदल्या वर्षी, शेजारच्याच बॅटी स्ट्रीटमध्ये, इस्रायल लिप्स्की नावाच्या ज्यू तरुणानं मिरियम एंजल या बाईला नायट्रिक ॲसिड पाजून मारल्याचा खटला गाजला होता. ऑगस्ट १८८७मध्ये तो फासावर गेला. तेव्हापासून त्या भागात कुणाही ज्यूला उद्देशून ती शिवी झाली, असं इन्स्पेक्टर ॲबरलाइननं वरिष्ठांना समजावलं. त्याचा निष्कर्ष असा की ती हाक बहुधा श्वार्ट्झलाच होती, कारण त्याचा चेहरामोहरा ज्यू दिसायचा. तसं असेल तर ओरडणारा ज्यू असण्याची शक्यता कमी. उलटं धरलं तर साथीदाराचं नाव लिप्स्की, म्हणजे खुनी ज्यू टोळीतला. एका शिवीवर सगळा तपास इकडचा तिकडं.

कोरोनर विन बॅक्स्टरच्या चौकशीच्या पाच बैठका झाल्या. तिच्या छापील वृत्तांतांत श्वार्ट्झ साक्षीला उभा राहिलेला दिसत नाही. यावर पानंच्या पानं लिहिली गेली आहेत. मला त्यात क्लबच्या साक्षीदारांची यादी शेजारी ठेवावीशी वाटते. बोलावले गेले वेस, ईगल, डीमशुट्झ, क्रान्ट्झ. या चौघांचं इंग्रजीवर भागत होतं. गिल्यारोव्स्की नाही, याफे नाही, फ्रीडेन्थाल नाही, कोझेब्रॉड्स्की नाही. प्रेताभोवती सुरुवातीला जमलेल्यांपैकी बरेचसे कोर्टाच्या कागदांत एक तर नाहीतच, नाहीतर ‘एक सभासद’ एवढेच उरले आहेत. त्यांना गप्प बसवलं असं मी म्हणत नाही. कोरोनरला मृत्यूचं कारण ठरवायचं होतं, आणि ते चार साक्षींत ठरत होतं. पण आज आपण ज्याला ‘पुरावा’ म्हणतो तो त्या गाळणीतून आलेला आहे, आणि ‘आर्बेटर फ्रायन्ट’चं मोल हे की तो त्या गाळणीच्या वरचा कागद आहे.

अर्थात तोही कुणी तटस्थ पेपर नव्हे. त्या रात्री पोलिसांनी फाटक बंद करून आत असलेल्या प्रत्येकाचे हात, खिसे, कपडे तपासले, नावं-पत्ते घेतले. पहाटे पाचच्या सुमारास सुटका झाली. तीन आठवड्यांपूर्वी ॲनी चॅपमनच्या खुनानंतर ‘लेदर एप्रन’ नावाचा कुणी ज्यू मोची खुनी असल्याची आवई उठली होती. जॉन पायझरला त्यापायी अटक झाली, तो निर्दोष निघाला. रस्त्यांवर ज्यूंना धक्काबुक्की झाली, असलं काम इंग्रज माणूस करणारच नाही असं लोक उघड म्हणत. २ ऑक्टोबरच्या ‘टाइम्स’मध्ये व्हिएन्नाच्या वार्ताहरानं गॅलिशियातल्या रिटर नावाच्या ज्यूवरच्या जुन्या खटल्याची आठवण काढून अशा खुनांमागं धार्मिक समजूत असू शकते असं सुचवलं. म्हणजे बर्नर स्ट्रीटवर खिळे जुळत होते तेव्हा शहरातला सर्वांत प्रतिष्ठित पेपर असलं काही छापत होता. अशा वेळी आपल्या अंगणातल्या खुनाबद्दल लिहिताना कुणीही हातचं राखून लिहील. क्रान्ट्झच्या जागी मी असतो तर शब्द न् शब्द दोनदा वाचला असता. म्हणूनच ‘ऊठ!’ तिथं राहिलं याचं मला इतकं अप्रूप.

त्याच रात्री गोल्स्टन स्ट्रीटवर, मायटर स्क्वेअरमध्ये मारल्या गेलेल्या कॅथरीन एडोजच्या एप्रनच्या रक्ताळलेल्या तुकड्याजवळ, खडूनं लिहिलेली ज्यूंबद्दलची एक ओळ सापडली. सिटी पोलीस या लंडनमधल्या वेगळ्या पोलीस दलाला तिचा फोटो हवा होता. मेट्रोपॉलिटन पोलिसांचे कमिशनर सर चार्ल्स वॉरन यांनी उजाडायच्या आत ती पुसायला लावली. दंगल होईल ही भीती. पुरावा पुसला म्हणून त्यांना आजवर शिव्या बसतात. मला ती भीती खोटी वाटत नाही, पुसण्याआधी फोटो काढायला काय झालं होतं एवढंच वाटतं. पुढं ‘ज्यू’ या शब्दाचं तिथलं विचित्र स्पेलिंग यिडिश तर नव्हे ना, असा प्रश्न निघाला. वॉरननी मुख्य रब्बींचे, म्हणजे ज्यूंच्या मुख्य धर्मगुरूंचे, प्रतिनिधी हर्मान ॲडलर यांना विचारलं. १३ ऑक्टोबरला उत्तर आलं की अशा स्पेलिंगची कुठलीही भाषा किंवा बोली मला माहीत नाही; यिडिशमध्ये ‘यिडन’ म्हणतात. पत्रानं मिटलेला हा मुद्दा आजही अधूनमधून कुणीतरी उकरतंच. १९१०मध्ये सर रॉबर्ट अँडरसन या निवृत्त अधिकाऱ्यानं आठवणींत लिहिलं की खुनी एक पोलिश ज्यू होता आणि त्याला ओळखणारा साक्षीदारही ज्यू, म्हणून त्यानं साक्ष दिली नाही. तो साक्षीदार श्वार्ट्झ होता की मायटर स्क्वेअरजवळचा दुसरा साक्षीदार लवेंड, यावर अजून डोकी फुटतात.

या सगळ्या गदारोळात मेलेली बाई कोण हे ठरायलाही वेळ लागला. मेरी माल्कम नावाच्या बाईनं शपथेवर सांगितलं की ही माझी बहीण. ती बहीण नंतर चक्क जिवंत कोर्टात येऊन उभी राहिली. स्ट्राइडनं स्वतःबद्दलही थापा मारून ठेवल्या होत्या. १८७८च्या ‘प्रिन्सेस ॲलिस’ बोटीच्या अपघातात आपला नवरा गेला असं ती सांगायची, पण तो वारला १८८४मध्ये, जमिनीवर. गुंता सोडवला प्रिन्सेस स्क्वेअरमधल्या स्वीडिश चर्चच्या कारकुनानं. त्याच्या वहीत तिची नोंद होती: एलिसाबेत गुस्ताफ्सडॉटर, जन्म १८४३, योटेबोर्गजवळचं टॉर्सलांडा. ती वही स्वीडिशमध्ये होती आणि कोर्टानं ती अडचण न मानता कारकुनाला बोलावून सरळ विचारून घेतली. ६ ऑक्टोबरला तिला ईस्ट लंडन सिमेट्रीत पुरलं. स्वीडिश वहीचं जे झालं ते अंगणातल्या यिडिश बोलणाऱ्यांचं व्हायला काय हरकत होती, एवढाच माझा आक्षेप. दुभाषी काही दुर्मीळ नव्हते. वेस स्वतःच होता.

क्लबवाल्यांचं पुढचं आयुष्य या खुनाभोवती घुटमळलं नाही. १८८९च्या मार्चमध्ये ज्यू बेकारांनी सिनेगॉगवर मोर्चा नेला, नंतर क्लबच्या दारात पोलिसांशी हाणामारी झाली, आणि ज्या डीमशुट्झनं प्रेत दिसताच पोलिसांना हाका मारत रस्ता पालथा घातला होता तोच सक्तमजुरीवर गेला. त्याच वर्षी शिंप्यांच्या मोठ्या संपात वेस पुढं होता. क्रान्ट्झ १८९०मध्ये न्यूयॉर्कला यिडिश पेपर चालवायला निघून गेला. बर्नर स्ट्रीटचं नाव आता हेन्रिक्स स्ट्रीट आहे आणि अंगणाच्या जागी शाळा.

माझ्या टेबलावर ही कॉपी आली असती तर मी ती थांबवली नसती, पण बातमीदाराला याफेकडं परत पाठवलं असतं. क्रान्ट्झला कोर्टानं विचारलं की ओरडण्याचा आवाज आला का; तो म्हणाला नाही, क्लबात गाणी चालू होती, आला असता तरी ऐकू आला नसता. खोलीत त्याच्या समोर बसलेल्या माणसाला कुणीच काही विचारलं नाही. साडेबाराला वेस छापखान्यातून गेला, एकला गिल्यारोव्स्की आला. मधल्या अर्ध्या तासात तुमच्या दोघांपैकी कुणी एकदा तरी दार उघडून अंगणात आलं होतं का, आणि आलं असलंच तर तेव्हा फाटकात कुणी उभं होतं का?